दोरीवाल्या पुंजारामाचा समुद्र

उंबरदऱ्याची मंडळी समुद्र बघायला निघाली, तेव्हा पुंजाराम पालव्यानं पिशवीत एक धोतर, एक टॉवेल आणि साठ हात दोरी घेतली. धोतर विसरलं असतं तरी चाललं असतं. पण दोरीशिवायचा पुंजाराम गावात कुणी पाहिलेला नव्हता.

उंबरदरा म्हणजे पाथर्डीच्या पूर्वेला डोंगराच्या काखेत बसलेलं शंभर घरांचं गाव. गावात मारुती एक, पडकी तालीम एक, पुढारी सात आणि पिण्याच्या पाण्याची विहीर एक. पुढाऱ्यांची खोली गावानं केव्हाच जोखली होती. विहिरीची जोखायचं काम पुंजारामाकडं होतं. त्याच्या दोरीला हात-हातावर गाठ होती आणि टोकाला नदीतला गोटा. गोटा तळाला टेकला की दोरी वर ओढायची आणि भिजलेल्या गाठी मोजायच्या, एवढंच ते काम. ते कुणालाही जमलं असतं. पण पुंजाराम ते करताना जो चेहरा करी, तो दुसऱ्या कुणाला जमला नसता. मोठा डॉक्टर नाडी धरून भिंतीकडं बघतो आणि घरच्यांचे प्राण कंठाशी येतात, तसा तो दोरी धरून आभाळाकडं बघायचा. बायका रिकामे हंडे घेऊन श्वास रोखायच्या. मग पुंजाराम म्हणायचा, "हाय. आजचा दिस निघंल."

बाहत्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात या चेहऱ्याची किंमत फारच वाढली. गावानं ठराव केला, घरटी दोन हंडे, आणि वाटप पुंजारामाच्या हाती दिलं. पहाटे विहिरीत रात्रभराच्या पाझराचं पाणी साठलेलं असे. ते सूर्य वर येईपर्यंत संपे. पुंजारामानं दोन म्हणजे दोनच हंडे दिले. सरपंचाला दोन, स्वतःच्या बायकोला, छबूबाईला, दोन. आणि एका सकाळी सख्ख्या थोरल्या बहिणीला, बायडाबाईलाही दोनच. तिसरा नाही.

आता त्या दिवशी बायडाबाईकडं पाहुणे यायचे होते. तिची लेक मनकर्णा हिला बघायला. तिसरा हंडा मिळाला नाही म्हणून पाच पाहुण्यांनी एका तांब्यात पाय धुतले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली आणि हसत परत गेले. नुकसान म्हणाल तर काडीचं नाही. पण बायडाबाईनं भावाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. संध्याकाळी पुंजारामानं स्वतःच्या वाटणीचा हंडा छबूबाईच्या हाती तिच्याकडं पाठवला. तो एक थेंब न सांडता तसाच परत आला. दोन घरांत फक्त एक बोळ. त्या बोळातून बायडाबाई रोज चार वेळा जायची आणि भावाच्या दाराशी आली की समोरच्या निंबाच्या झाडाकडं असं बघायची, की जणू झाड आजच उगवलंय. दिवाळीत भाऊबीजेला पुंजाराम नवी टोपी घालून ओट्यावर बसून राहिला. ओवाळायला कुणी आलं नाही. तिसऱ्या प्रहरी त्यानं टोपी काढून खुंटीला लावली आणि उगाचच विहीर मोजायला गेला. विहीर तेव्हा काठोकाठ होती.

पाऊस झाला, धान्य आलं, मनकर्णाचं लग्न वैशाखात ठरलं. लग्न म्हटलं की मुलीचा मामा आला. मुलीला बोहल्यावर आणायचं मामानं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचंही मामानं. पुंजारामाला मूलबाळ नव्हतं. ज्या एका पोरीच्या पाठीशी तो उभा राहू शकत होता, ती मनकर्णा. आणि बायडाबाई चारचौघींत बोलून बसली होती, "मामा काय, टाकळीचा चुलतमामा आनीन मी!" हे पुंजारामाच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. विहिरीचं पाणी वाढून दोरीला नवी गाठ मारावी लागली तरी त्याचा उत्साह दिसेना.

अशात शाळेच्या काकासाहेब गुरुजींच्या डोक्यात सहल आली. दोन वर्षं पाण्यासाठी तडफडलेल्या गावानं एकदा डोळे भरून पाणी बघावं, असा त्यांचा उदात्त विचार होता. त्यांनी एसटी ठरवली आणि कार्यक्रमाचा कागद ड्रायव्हरच्या पाठीमागे चिकटवला:

*पहाटे – समुद्र (दर्शन व स्नान). सकाळी – कुलाबा किल्ला. दहा – आंग्र्यांची समाधी. बारा – कनकेश्वर (पायऱ्या फार आहेत. वृद्धांनी आधीच दम खाऊन घ्यावा). चार – नारळ विकत घेणे. पाच – समुद्र (राहिलेला).*

बस रात्रभर चालली. पुंजाराम शेवटच्या बाकावर, बायडाबाई तिसऱ्या. घाटात मंडळींना उलट्या झाल्या, त्यातही बहीण-भावांनी एकमेकांच्या विरुद्ध खिडक्या निवडल्या.

अलिबागला बस थांबली तेव्हा तांबडं फुटत होतं. सगळे धावत किनाऱ्यावर गेले आणि उभेच राहिले. समुद्र होता, पण लांब. मध्ये नुसती ओली वाळू आणि खडक, आणि पार तिकडं किल्ला, चक्क कोरड्यात उभा.

"पुंजाभाऊ," गावातला आसाराम म्हणाला, "समुद्र उपसला का काय कुनी?"

सगळं गाव पुंजारामाकडं बघायला लागलं. बहिणीनं बोलणं टाकल्याला दहा महिने झाले होते, तेवढ्यात प्रथमच त्याला बरं वाटलं. त्यानं खडकावरचं शेवाळ बोटानं चाचपलं, वाळू मुठीत दाबली, आभाळाकडं पाहिलं. "परसभर पानी उतरलंय," तो म्हणाला. म्हणजे हात वर केलेला एक उभा माणूस बुडेल एवढं. "हे बघा, हितवर ओल हाय. कालपरवाच उतरलंय."

गाव हळहळलं. दुष्काळाची सवय लागलेली माणसं. दुसऱ्याकडंही तो आलाय म्हटल्यावर त्यांचे जीव तुटले. टोपली घेऊन एक कोळीण चालली होती. पुंजाराम तिला आडवा गेला.

"बाई, यंदा तुमच्याकडंबी पान्याची वढ दिसती. घरटी दोन हंडे सुरू करा. टिकंल."

कोळणीनं त्याला टोपीपासून वहाणांपर्यंत पाहून घेतलं. मग ती इतकी हसली की टोपलीतली मासळी हलली. "दुपारला ये रं दादा! मंग कलंल पानी कवरं हाय तं!"

ती गेल्यावर पुंजारामानं मान हलवली. "दुपारी म्हनं! दिवसा उपसा आसतो. पानी चढतं त्ये रातच्या पाझरानं. भर दुपारी कुठली विहीर भरलीया?"

"खरंय," गाव म्हणालं.

मग चालत चालत समुद्र गाठला गेला. बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ दिला. पुरुषांनी धोतरं वर खोचून गुडघ्याएवढ्या पाण्यात मोठ्या शौर्यानं अंघोळी केल्या. समुद्राचं पाणी खारट असतं हे गुरुजींनी आयुष्यभर चौथीच्या वर्गाला शिकवलं होतं. तरी प्रत्येकानं ते चाखून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि "मास्तर खोटं बोलला नव्हता हो" अशा नजरेनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी त्या दिवशी खरे कृतार्थ झाले.

किल्ल्यात चालत गेले सगळे. गुरुजींनी दारातच बजावलं, "शिट्टी झाली की निघायचं! भरती येते."

पुंजारामानं तटबंदी बघितली नाही, बुरूज बघितला नाही. गणपतीच्या देवळाजवळ त्याला विहीर दिसली. त्यानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तो मटकन काठावर बसला. पाणी गोड होतं! चारी बाजूंनी मिठाचा समुद्र आणि मधोमध हे उंबरदऱ्याच्या विहिरीपेक्षा गोड पाणी! त्यानं लगेच दोरी सोडली. गाठी मोजल्या. थोड्या वेळानं पुन्हा मोजल्या. झरा कुठल्या अंगानं येतो ते कळेपर्यंत त्याला तिथून हलणं शक्य नव्हतं.

शिट्टी झाली. छबूबाई आली. "चला, मास्तर बोलवत्यात. पानी चढंल म्हनं."

"दिवसा?" पुंजारामानं मान वर न करता विचारलं.

छबूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग देवळाकडं पाहिलं. तिथं बायडाबाई लेकीच्या लग्नासाठी गणपतीला एकशे आठ प्रदक्षिणा घालत होती आणि आत्ता कुठं साठच्या घरात होती. "बसा मग," छबूबाई म्हणाली आणि निघून गेली. बावीस वर्षांच्या संसारात ती एवढ्या लवकर माघार घेण्याची ही पहिलीच वेळ. पण पुंजारामाचं लक्ष दोरीत होतं.

तासाभरानं तो दरवाजाशी आला, तर बायडाबाई आधीच तिथं उभी. आणि वाट नव्हती. जिथून गाव चालत आलं होतं तिथं हिरवट पाणी नुसतं उसळत होतं. खडक गेले, वाळू गेली. पलीकडं सुरूच्या झाडांखाली ठिपक्याएवढी माणसं दिसत होती. त्यातली एक छबूबाई. तिनं हात केला. पण तो "या, या" असा नव्हता. "बसा तिथंच" असा निवांत हात होता.

देवळातला म्हातारा गुरव मागून आला. "आता पाच वाजता वाट मोकळी होईल. होडी नाय आज. होडीवाल्याच्या घरी लग्न हाय."

लग्न म्हटल्यावर दोघांनी दोन दिशांना तोंडं फिरवली.

पुंजाराम पायरीवर बसून पाणी बघू लागला. एक पायरी बुडाली. मग दुसरी. ढग नाही, पाऊस नाही, वरून कुणी ओतत नाही, आणि भर उन्हात पाणी चढतंय! पंचवीस वर्षं ज्या विद्येवर गाव त्याला मान देत होतं, ती विद्या त्या पायऱ्यांवर एक-एक करून बुडत होती. "पाझर लई मोठा हाय," तो स्वतःशीच म्हणाला. पण त्या म्हणण्यात दम नव्हता.

बायडाबाई गुरवाशेजारी टेकली आणि मोठ्यानं बोलू लागली. "बाबा, आमच्या गावात एक मानूस हाय. त्याला पान्यातलं लई कळतं."

"असं?" गुरव म्हणाला.

"व्हय. येवढं कळतं, की आज दोन जीव कोंडून बसल्यात."

"बाबा," पुंजाराम समुद्राकडं बघत म्हणाला, "त्या मानसानं कुनाला थांब म्हणलं नव्हतं, येवढं सांगा त्यास्नी. एकशे आठ परदक्षिना घालायला बी त्यानं सांगितलं नव्हतं."

"बाबा, त्याला म्हनावं, द्येवाचं नाव घ्यायला त्याची दोरी लागत न्हाई!"

गुरवानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. आयुष्यभर भरती-ओहोटी बघितलेला माणूस. वारा कुठला ते त्यानं ओळखलं. "मी जरा पडतो," म्हणत तो देवळामागं गेला आणि बोलायला मध्ये कुणी उरलं नाही.

दुपार झाली. बायडाबाईनं गाठोडं सोडलं. प्रवासासाठी दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पुंजारामाची शिदोरी छबूबाईच्या पिशवीत, पलीकडच्या किनाऱ्यावर. बायडाबाईनं पाठ करून दोन दशम्या खाल्ल्या. मग आणखी दोनांवर चटणी घातली, त्या तीन हातांवरच्या दगडावर ठेवल्या, आणि आभाळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "कावळ्याला."

कावळा नव्हता. पुंजारामानं बुरजावर पाहिलं, झाडावर पाहिलं, बऱ्यापैकी वाट पाहिली. मग उठून दशमी उचलली.

"कावळ्याची हाय ती!"

"कावळा न्हाई हितं. बघितलं म्या."

बायडाबाईनंही एकदा बुरजाकडं पाहिलं. "मग खा."

दहा महिन्यांनी आलेला तो मायेचा शब्द पुंजारामाला असा काही लागला की घास श्वासात गेला आणि जबरदस्त ठसका बसला. तो लालबुंद झाला. बायडाबाई तांब्या घेऊन धावली, त्याच्या पाठीत दोन-चार दणके घातले. त्यातला एक ठसक्यासाठी होता, बाकीचे जुने होते. "पानी पी! हळू! ल्हानपनापासून असाच खातो, मागं वाघ लागल्यावानी!"

ठसका थांबला. दोघं एकाच पायरीवर होती. आता उठून लांब जाणं बरं दिसलं नसतं.

"अक्के," पुंजाराम म्हणाला, "त्या हंड्याचं तुझ्या मनात..."

"हंडा गेला चुलीत!" बायडाबाई उसळली. "हंडाभर पान्यासाठी मी दहा म्हैने तोंड शिवून बसंन? येवढी हलकी समजलास मला?"

"मग?"

"'गोरक्षनाथाचं घर, दोन झाले. पुढलं घर!' असं म्हणलास तू मला. आन् मान वर केली न्हाईस. मी हंडा धरून हुबी. म्हणलं, आता बघंल, आता बघंल. आई मेली तवा तू येवढासा हुतास, तुला न्हाऊ-माखू घातलं म्या. आन् मला घर म्हनतो! मालकाच्या नावाचं घर!"

पुंजारामाला ते आठवेना. त्या दिवसांत त्यानं हे वाक्य रोज शंभरदा म्हटलं होतं. पण ती सकाळ त्याला आठवत होती. त्यानं दोरीची एक गाठ चाचपली.

"अक्के, वर बघितलं आसतं ना, तर म्या दिला आसता."

"आँ?"

"तुला दिला आसता. मग तुझ्यामागं चाळीस बाया हुभ्या. त्यांना न्हाई कसं म्हनलो आसतो? म्हणून म्या कुनाचंच तोंड बघत नव्हतो. छबूचंबी न्हाई. मला तवा सगळं गाव नुसतं हातावरनं ठावं झालं हुतं. कुनाच्या हंड्याला पोचा, कुनाच्या हातात किती बांगड्या, येवढंच." त्याचा आवाज जरा खाली गेला. "तुझा हात वळखला हुता म्या. हंडा हलत हुता तुझा. म्हणून तर मान वर केली न्हाई."

बायडाबाईनं पदर डोळ्यांना लावला. मग समुद्राचा वारा फार झोंबतो अशी तक्रार केली.

"आन् हे तवाच सांगायला काय झालं हुतं, मेल्या?"

"तू बोलत नव्हतीस."

"मग तू बोलायचं!"

"तू बोलत नव्हतीस तर मी कुनाशी बोलनार?"

या बिनतोड सवालावर बायडाबाईनं त्याच्या पाठीत आणखी एक दणका घातला. आता ठसका अजिबात नव्हता.

आणि मग ती बोलायला लागली. दहा महिन्यांचं साठलेलं होतं. शेळीला दोन करडं झाली होती, मालकाच्या गुडघ्यात कळ यायची, जावई गुणाचा होता पण कान जरा मोठे होते, मनकर्णानं शालू हिरवा मागितला आणि आणला जांभळा. भरती टिपेला पोचली, लाटा दरवाजावर आपटल्या, तुषार उडाले. लोक लांबून पैसे खर्चून बघायला येतात ते सगळं समोर चाललं होतं. पण बायडाबाईचं बोलणं त्याहून जोरात होतं आणि पुंजाराम भान हरपून तेच ऐकत होता. विचारायचं ते मात्र त्याच्या जिभेवर येऊन परत जात होतं. शेवटी त्यानं लांबून वळसा घातला.

"टाकळीचा चुलतमामा येनार म्हनं लग्नाला?"

"त्यो? येऊ दे की, जेवून जाईल. त्याला एका जागी घडीभर हुभं ऱ्हाता येत न्हाई, सारखा तंबाखू थुकायला पळतो. मंगलाष्टकं सोडून गेला तर पोरीच्या पाठीशी कोन, खांब?"

"मग?" पुंजारामानं विचारलं.

"मग काय मग! तू गुलाबी फेटा बांधू नको, येवढं आत्ताच सांगून ठिवते. सरपंचाच्या लग्नात बांधलास, चिरलेल्या कलिंगडावानी दिसत हुतास. आन् रडायचं न्हाई. मनकर्णानं सांगितलंय, मामा रडला तर मीबी रडंन."

"न्हाई रडनार," पुंजाराम म्हणाला आणि तिथंच रडला.

पाचच्या सुमाराला पाणी जसं आलं होतं तसं गुपचूप निघून गेलं. वाळू उघडी पडली. पलीकडून गुरुजींची शिट्टी वाजत होती. मंडळी समाधी, कनकेश्वर, नारळ सगळं उरकून "राहिलेला समुद्र" बघायला जमली होती. आसाराम तोंडाचा कर्णा करून ओरडत होता, "पुंजाभाऊ, पानी किती हात भरलं?" छबूबाई शांतपणे भेळ खात होती.

दोघं उतरली. बायडाबाईच्या एका हातात वहाणा, दुसऱ्या हातानं तिनं भावाचं मनगट धरलेलं. वाळूत अजून थोडं पाणी होतं. पुंजाराम भराभर चालायला लागला तशी तिनं त्याला मागं ओढलं.

"हळू! शेवाळावरनं घसरून पाय मोडलास, तर वैशाखात मी दुसरा मामा कुठनं आनू?"

पाणी घोट्याएवढंच होतं. तरीही पुंजाराम अगदी बेतानं, एकेक पाऊल चाचपून टाकत, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत बहिणीमागून किनाऱ्याकडं चालत राहिला.